वेखंडाची पुरचुंडी

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर ती पुरचुंडी ठेवली होती आणि तिच्यापासून हातभर अंतर राखून सोसायटीतली माणसं उभी होती. विद्याधर जिना उतरून आला तो जरा उशिरानंच, त्यामुळे मागे उभा राहिला. टाचा उंचावून त्यानं पाहिलं आणि पहिल्या क्षणी त्याच्या मनात आलं ते एवढंच, की अरे, ही इथे कशी? भाजीबाजारात घरचंच माणूस पाठमोरं दिसावं तशी त्यानं ती ओळखली. सुहासिनीच्या जुन्या खणाच्या चोळीचा लाल तुकडा, एका कडेला हिरवा काठ, तोंड पांढऱ्या दोऱ्यानं आवळलेलं. आत काय आहे तेही त्याला न उघडता सांगता आलं असतं: वेखंडाचा तुकडा, वाळलेला कडुनिंब, कापूर, थोडे काळे मिरे. तो ते सांगणारही होता. त्यासाठी त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची माणिक कडेवरच्या मुलाला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "हात नका लावू कुणी त्याला. करणी आहे ती." आणि विद्याधरनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं त्याचं. आणि चोरी तरी केवढी, तर तो गच्चीवर गेला होता. मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली सोसायटीत गच्चीवर वाळवणं घालायला बंदी होती. बायका पापड-कुरडयांसाठी खाटा ओढतात आणि वॉटरप्रूफिंगला चिरा पडतात, म्हणून तसा ठराव झाला होता, आणि ठरावाचा मसुदा विद्याधरनंच केला होता. 'कोणत्याही सबबीवर' हे शब्द त्याचे. इमारतीतल्या बायका त्यावरून अजून त्याला टोमणे मारत. आणि शुक्रवारी दुपारी हाच मसुदाकार ऑफिसातून रजा काढून, प्लॅस्टिकच्या बादलीत पुस्तकं भरून, वर टॉवेल झाकून चोरपावलांनी गच्चीवर गेला होता. चैत्राचं ऊन होतं. जुन्या कातडी बांधणीत खळ असते, ती कसरीला फार आवडते. म्हणून पुस्तकांना वर्षातून एकदा ऊन दाखवायचं आणि कपाटात दोन-दोन पुस्तकांच्या मध्ये वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. ही रीत त्याच्या आईची. आई पुरचुंड्या शालूत ठेवायची, तो इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात ठेवायचा. उतरताना चौथ्या मजल्यावर बादलीवरचा टॉवेल घसरला, कुणी पाहू नये म्हणून त्यानं तो घाईघाईनं सावरला. पुरचुंडी तिथेच पडली असणार, माणिकच्या उंबऱ्याशी. हे सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण पहिलंच वाक्य 'मी गच्चीवर गेलो होतो' असं सुरू झालं असतं, आणि त्या वाक्याला कसे कसे हसतील ते त्याला एकेका चेहऱ्यावर आधीच दिसायला लागलं. हे हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्याला वाटलं. जरा थांबू, आपोआप निवळेल.

ही पुस्तकं म्हणजे सुहासिनीच्या भाषेत 'गोऱ्यांची भुतं'. घाटकोपरला एका सॉलिसिटरचा बंगला पाडायला काढला तेव्हा त्याचं ग्रंथालय स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे आलं होतं, आणि विद्याधर तिथे सहज, घरचे पेपर घालायला म्हणून गेला होता. तराजूच्या एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेला खटल्यांचा संग्रह. त्यानं ते पुस्तक उचललं तर बोटांना तांबूस भुकटी लागली. कातडं म्हातारं झालं की त्याची अशी भुकटी होते, हे त्याला पुढे कळलं. आत जुना टाइप, त्यात 's' च्या जागी 'f' सारखं काहीतरी, त्यामुळे इंग्रज न्यायाधीश बोबडं बोलतायत असं वाटायचं. तो हसला आणि त्यानं ते पुस्तक विकत घेतलं. मग दुसरं, मग तिसरं. पुराव्याचा कायदा, शिक्षांचा कायदा, राजद्रोहाचे खटले. होता होता त्याचा सगळा ओढा एकाच जागी जाऊन थांबला: चेटकिणींचे खटले. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. विद्याधर स्वतः वकील होता, म्हणजे सनद होती त्याच्याकडे, पण तरुणपणी कुर्ल्याच्या कोर्टात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा घशातून आवाज म्हणून फुटला नाही, मॅजिस्ट्रेटनं दोनदा विचारलं, आणि त्यानंतर तो विमा कंपनीच्या कायदा विभागात टेबलामागे जाऊन बसला तो कायमचा. तिथे बोलावं लागत नसे. मसुदे करावे लागत. संध्याकाळी घरी येऊन पंख्याखाली चहाचा कप हाताशी घेऊन तो ते खटले वाची. त्यात त्याला आवडायचं ते एकच: सगळं रीतसर असायचं. वेडेपणा होता, पण शपथेवर होता. साक्षी, उलटतपासणी, पंचांचा निवाडा, न्यायाधीशाचे सभ्य प्रश्न. शेवटी म्हातारीला फास, पण तोही रीतसर. वाचताना त्याला कधी म्हातारीची कणव आली नाही, की गावकऱ्यांचा संतापही आला नाही. काचेच्या आड चाललेलं काहीतरी बघावं तसं तो बघायचा, आणि पान उलटायचा.

आता खाली वाहनांच्या जागेत काच नव्हती. मध्ये शेवंती उभी होती. इमारतीतल्या पाच घरांची धुणीभांडी करणारी, विद्याधरच्या घरचीही; मालवणकडची, भांडुपच्या टेकडीवर राहणारी. गिरण्यांचा संप झाला आणि तिच्या नवऱ्याचं, गुणाजीचं लूम सुटलं, तेव्हापासून घर तिच्याच हातांवर चाललं होतं. हात पदराला पुसत ती उभी होती. अर्धी भांडी टाकून तिला खाली बोलावलं होतं. सोसायटीचा चेअरमन श्यामसुंदर, बँकेतला अधिकारी, तसा भला माणूस, खुर्चीत बसून घसा साफ करत होता.

"शेवंती, खरं सांग, ही तू ठेवलीस?"

"नाय ओ दादा."

"मग कुणी ठेवली?"

शेवंतीनं एकदा मागे उभ्या माणसांकडे पाहिलं. माणिकचं रडं फुटलं. "शिमग्याला आठ दिवस सुट्टी मागत होती. घरात लहान मूल, मी नाही म्हटलं. तर जाताना काहीतरी पुटपुटली, मी ऐकलंय ना! त्याआधी याच्याकडे बघून म्हणाली, कसो गोरोपान हा. आणि आता बघा, ताप उतरत नाही याचा. दोन डॉक्टर झाले, रक्त झालं. आणि काल सकाळी दार उघडते तर हे!"

"पालखी चुकली म्हणान देवाचा नाव घेतलंय वयनी," शेवंती म्हणाली. "तुमका काय बोलाक नाय."

विद्याधरच्या अंगावर एक बारीक शहारा आला, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो भीतीचा नव्हता. ओळखीचा होता. सगळं जसंच्या तसं होतं. त्याच्या कपाटातल्या दुसऱ्या फळीवरच्या संग्रहात मार्जरी नावाच्या म्हातारीचा खटला होता. मार्जरी शेजारणीकडे ताक मागायला गेली, शेजारीण नाही म्हणाली, मार्जरी पुटपुटत परतली, शेजारणीचं मूल तापानं फणफणलं, आणि मग उंबऱ्याखाली चिंधीची पुरचुंडी सापडली. मागणं, नकार, पुटपुटणं, ताप, चिंधी. क्रमसुद्धा चुकला नव्हता. आयुष्यभर टपाल तिकिटं जमवणाऱ्याला एकाएकी ते तिकिटावरचं जहाजच किनाऱ्याला लागलेलं दिसावं, तसा तो पाहत राहिला. आता पुढे काय होईल? आता कुणीतरी जाणत्याला विचारतील, असं त्याच्या मनात आलं, आणि खरंच श्यामसुंदर त्याच्याकडे वळला.

"काका, तुम्ही कायदेवाले. कायदा काय म्हणतो यात?"

सगळ्यांच्या माना वळल्या. शेवंतीचीही. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिची नजर इतरांसारखी फिरत नव्हती, त्याच्यावरच थांबली होती. बिचारी, त्याला वाटलं, शिकल्यासवरलेल्या माणसाकडून आशा धरून आहे. त्यानं खाली पाहिलं. नखांत अजून पुस्तकांची तांबूस भुकटी होती. त्यानं बोटं मुठीत लपवली.

"करणीबिरणीला कायद्यात काही अर्थ नाही," तो म्हणाला. आवाज स्वच्छ निघाला, याचं त्याला नवल वाटलं. "पोलिसांकडे जाण्यासारखं यात काहीही नाही. मात्र आपल्या घरी कुणाला कामाला ठेवावं, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. त्यात सोसायटीला किंवा कायद्याला पडता येणार नाही."

वाक्य अगदी बरोबर होतं. मसुदा म्हणून त्यात कुणाला काना-मात्रेची चूक काढता आली नसती. ते संपलं तेव्हा पाचांपैकी चार घरांनी शेवंतीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि पाचवं घर त्याचं असलं तरी वॉचमननं तिला फाटकातून आत सोडू नये असं ठरलं, कारण जिना सगळ्यांचा होता. शेवंतीनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. अर्धी राहिलेली भांडी पुरी करते म्हणाली, तीही तिला करू दिली नाहीत. श्यामसुंदरनं चिमट्यानं पुरचुंडी उचलून डब्यात घातली आणि स्कूटरवरून नेऊन खाडीत टाकली.

"काय होतं हो खाली?" सुहासिनीनं विचारलं. देवपूजा चालू होती म्हणून ती खाली गेली नव्हती.

"असंच. लिंबूबिंबू होतं काहीतरी," विद्याधर म्हणाला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो तिच्याशी क्वचितच खोटं बोलला असेल, आणि हे इतकं सहज बोलून गेला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. पण इमारतीत कुठली गोष्ट झाकून राहते? सोमवारी सुहासिनी भांडी घासता घासता म्हणाली, "पुरचुंडी होती म्हणे. लाल कापडाची." त्यानं वर्तमानपत्र उलटलं. नळ चालू होता. "आपल्यासारखी का?" ती म्हणाली. थोड्या वेळानं नळ बंद झाला, मग तिचा आवाज आला, पण तो त्याच्याशी बोलल्यासारखा नव्हता. "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं बिचारीचं." त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं होतं. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

मार्जरीचा खटला त्यानं पुन्हा काढून वाचला. आधी किती वेळा वाचला असेल. शेवटाकडे एक वाक्य होतं, नेहमी डोळ्यांखालून निसटून जाणारं: न्यायाधीशांनी विचारलं, कैदिणीच्या बाजूनं इथे कुणाला काही सांगायचं आहे काय? कुणी बोललं नाही. पुढच्या ओळीत पंच उठून गेले. आजवर त्यानं न्यायाधीशाचा विचार केला होता, फिर्यादी शेजारणीचा, कधीमधी म्हातारीचाही. त्या 'कुणी'चा कधी केला नव्हता. आता तो माणूस त्याला दिसायला लागला. कोर्टाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा, पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहणारा. कदाचित ती चिंधी त्याच्याच घरची असेल. कदाचित त्याला काही क्षुल्लक कारण असेल, शेजाऱ्याच्या कुरणात चोरून गाय चारली होती असलं काहीतरी. त्याला घरी जाऊन जेवण गेलं असेल का? गेलं असेल. माणसाला जेवण जातं. विद्याधरनं पुस्तक मिटलं आणि हात धुऊन आला, पण भुकटी काही नखांतून गेली नाही. त्याला स्वतःची शरम वाटली, उघड, अंगभर शरम. पोटात कळ यावी तशी ती आली, आणि कळीसारखीच थोड्या वेळानं ओसरली, हे त्याला जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना त्यानं कपाटातली एक पुरचुंडी खिशात टाकली आणि जिन्यात श्यामसुंदरला गाठलं. "अहो, ती पुरचुंडी माझी होती," तो म्हणाला. "पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ठेवतो मी. गच्चीवर गेलो होतो शुक्रवारी."

श्यामसुंदर पायरीवर थांबला. मग हसला, आणि विद्याधरच्या खांद्यावर हात ठेवला. "काय काका तुम्ही पण ना! गच्चीवर? तुम्ही? ठराव कुणी लिहिला? यार, तुमचं मन मोठं आहे, मान्य. पण कुणाच्या भानगडी अशा अंगावर नाही घ्यायच्या. काकूंचे हाल होतात धुण्याभांड्याचे, माहितीय मला. दुसरी बाई बघून देतो, झकास."

पुरचुंडी खिशातच होती. हात खिशातच होता. बोटांना गाठीचा दोरा लागत होता. ती बाहेर काढून दाखवली असती तर संपलं असतं सगळं. पण श्यामसुंदर घड्याळ पाहत उतरायला लागला होता, आणि विद्याधरच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. आपण सांगितलं. ऐकलं नाही त्यानं. आता आपला काय इलाज? स्टेशनपर्यंत त्याला जवळजवळ हलकं वाटत राहिलं, आणि मग तिकिटाच्या रांगेत त्याच्या लक्षात आलं, की हा जो हलकेपणा आहे तो सत्य सांगितल्याचा नाहीच, ते खोटं ठरल्याचा आहे.

रविवारी सकाळी शेवंती आली. वॉचमननं तिला अडवलं नाही, कारण माणिकनंच तिला वर सोडायला सांगितलं होतं. मुलाचा ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता, दात येत होते त्याला. शेवंतीच्या हातात नारळ, डोक्यावरून पदर, मागे गुणाजी. गावाला निरोप जाऊन देवाला कौल लावला गेला होता, आणि देवाच्या अंगावरचं पान उजवीकडून पडलं की डावीकडून, ते ज्याचं त्याला माहीत, पण गाऱ्हाणं घालून ये असा कौल मिळाला होता. बघता बघता चौथ्या मजल्याचा जिना माणसांनी भरला. सुहासिनी म्हणाली, चला. विद्याधर गेला. मागच्या पायरीवर उभा राहिला, पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहत.

शेवंतीनं माणिकच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले, आणि तिचा आवाज एकदम बदलला, उंच झाला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुणाजी मागून म्हणाला.

"माझ्या हातसून, माझ्या नजरेतसून, माझ्या तोंडातसून ह्या लेकराच्या बाबतीत काय वाईट घडला आसात..."

"व्हय म्हाराजा!" आता दोनचार आवाज जास्त होते. गाऱ्हाण्याची रीतच अशी, घालणारा एकटा नसतो, ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यायचा असतो, त्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. इमारतीतल्या अर्ध्या घरांची मुळं कोकणातली, त्यांना शिकवावं लागलं नाही.

"...तर ता माझा चुकला म्हणान पोटात घाल, आणि लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जिना दणाणला. आणि त्या दणक्यात विद्याधरला स्वतःचा आवाज ऐकू आला. मोठा, मोकळा, कुर्ल्याच्या कोर्टात जो फुटला नव्हता तो. शेजारी सुहासिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती त्याच्याकडे पाहत होती. माणिकनं डोळे पुसले, शेवंतीची ओटी भरली, मुलाला तिच्या पायांवर घातलं, श्यामसुंदरनं सगळ्यांना पेढे वाटले. "बघा, माणूस कबूल करून मोकळं झालं ना, की झालं," तो विद्याधरच्या हातावर पेढा ठेवत म्हणाला. उद्यापासून शेवंतीनं पाचही घरी यायचं ठरलं.

गुरुवारी ती कपाट पुसायला घेई. त्या गुरुवारी विद्याधर मुद्दाम घरी थांबला. सुहासिनी भाजी आणायला गेली होती. शेवंती स्टुलावर चढून एकेक पुस्तक काढत होती, कोरड्या फडक्यानं पुसत होती, परत लावत होती, आणि दोन पुस्तकांच्या मध्ये तिथली पुरचुंडी, त्यानं खिशातून परत आणून ठेवलेलीसुद्धा, जशीच्या तशी ठेवत होती. तो खुर्चीत बसून तिचा हात पाहत राहिला. तो हात इतक्या सरावानं चालला होता, की त्याला जे आधीच कळायला हवं होतं ते आता कळायला लागलं.

"शेवंतीबाई," तो म्हणाला, "ती पुरचुंडी माझी होती."

तिचा हात थांबला नाही. "माका म्हायत हुता."

"माहीत होतं?"

"दर गुरवारी ह्या कपाट मीच पुसतंय नाय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर?"

"मी बोलान कोण ऐकतलो? सायबाच्या कपाटातली म्हटला असता तर वर चोरीचो आळ इलो असतो." ती रागावली नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मार्जरीचा खटला तिनं काढला, त्याची पाठ पुसली, बोटांना लागलेली तांबूस भुकटी फडक्याला पुसली. "तुमी थंयच हुतास. तुमी बोलशात म्हणान वाट बघलंय."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. शेवंतीनं पुस्तक जागेवर सरकवलं आणि बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हंयसर एक कमी हा. वयनीकडसून कापड घेवन दुसरी बांधू?"

ती स्टुलावरून मान वळवून त्याच्याकडे पाहत राहिली. विद्याधरच्या घशातून आवाज फुटला नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती फडकं झटकायला गॅलरीत गेली.